कापसाचं बूच

आज नेपियर टाउनच्या घरी इडलीचं पीठ जास्त आंबलं आणि त्या वासानं मी मनानं माझ्या शिकतानाच्या दिवसांतल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले. माझी मैत्रीण वंदना तिथं रताळ्याच्या स्टार्चवर जिवाणू वाढवून लॅक्टिक आम्ल तयार करायची. एकदा तिच्या फ्लास्कचं कापसाचं बूच काढून मी वास घेतला आणि परत लावायला विसरले. दोन दिवसांत आत बुरशी धरली.

"छह महीने की मेहनत गई!" तिचे मार्गदर्शक सर तिच्यावर ओरडले.

वंदना माझ्याकडे वळली. "काहून गप्प आहेस? सांग ना, बूच मी लावलं होतं."

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

तिनं संशोधन सोडलं. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आता विद्यार्थिनींच्या चुकांवर मी कधीच रागवत नाही. मॅडम फार प्रेमळ आहेत, असं त्या म्हणतात.