मिरजगावपर्यंत न थांबता

शांतवन उजागरे यांची पाठ अठरा वर्षांत एकदाही कशाला नीट टेकली नव्हती. नगर ते मिरजगाव सर्व्हिस मोटारीत ड्रायव्हरच्या जागेला टेका होता, नाही असं नाही. पण त्या टेक्यावर कुणाचं तरी गाठोडं असायचं, गाठोड्यावर कोंबड्यांची डालगी असायची, आणि उरलेल्या बोटभर जागेत एखादं पेंगुळलेलं पोर डोकं टेकून झोपलेलं असायचं. त्यामुळे शांतवन पुढे झुकून गाडी चालवत. पुढे पुढे ते पुढे झुकूनच चालायला लागले, जेवायला लागले आणि उपासनेत गुडघे न टेकताही प्रार्थना करताहेत असे दिसायला लागले. पाळकसाहेबांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे! नम्रता कसली, कंबर धरलेली होती.

त्यात युद्ध आलं. पेट्रोल रेशनवर गेलं आणि मोटारीच्या पाठीमागे कोळशाची टाकी बसली. सकाळी अर्धा तास हाताने पंखा फिरवायचा, कोळसा धुमसवायचा, त्याचा गॅस इंजिनात जायचा आणि मग मोटार दमेकऱ्यासारखी खोकत जागी व्हायची. चढ आला की उतारू खाली उतरून ढकलायचे. युद्ध संपून दीड वर्ष झालं, सत्तेचाळीस साल उजाडलं, तरी टाकी होती तिथेच होती. संध्याकाळी शांतवन घरी आले की त्यांचे फक्त डोळे ओळखीचे वाटायचे, बाकी सगळी काजळी.

पण काजळीचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांचा जीव जायचा तो थांबण्याने.

चौतीस मैलांच्या त्या रस्त्यावर कागदोपत्री सहा थांबे होते. त्यांची बायको हन्ना, मिशनच्या मुलींच्या शाळेत तिसरीची मास्तरीण, एकदा मोटारीतून गेली आणि सवयीप्रमाणे मोजत बसली. एक्केचाळीस. हात वर दिसला की शांतवनचा पाय ब्रेकवर. हात कशासाठी वर आहे, हे नंतर कळायचं. कुणाला चढायचं असे, कुणाला निरोप द्यायचा असे, कुणाला नुसतंच "कसं काय ड्रायव्हरसाहेब" विचारायचं असे. एकदा साकतजवळ एक जण बाभळीवरून शेळीसाठी पाला तोडत होता. त्याचाही हात वर होता. मोटार थांबली.

"एकदा," शांतवन भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आयुष्यात एकदा नगरहून निघावं आन् मिरजगावला जाऊन थांबावं. मधी कुनासाठी न्हाई."

"मग रेल्वे चालवायची होती," हन्ना म्हणाली.

"ती बी थांबती गं. अन् तिला रूळ असत्यात, कुठं पळून जानार?"

अशा माणसाला नगरच्या मोटार क्लबाने सभासद करून घेतलं.

हा क्लब आबासाहेब वकिलांनी काढला. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या मोटारींच्या चढाओढी त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिल्या होत्या. "आपण काय कमी आहोत?" असं म्हणून त्यांनी सात सभासद आणि चार मोटारी गोळा केल्या. पहिल्या बैठकीला चारातल्या दोन ढकलत आणाव्या लागल्या. मग दर रविवारी उपासना आटोपली की आबासाहेबांचं बोलावणं यायचं, आणि शांतवन कुणाच्या तरी मोटारीखाली आडवे व्हायचे. त्याचीही त्यांना तक्रार नव्हती. आठवड्यात पाठ जमिनीला लागायची ती तेवढाच वेळ.

आबासाहेबांच्या मागच्या गोठ्यात एक जुनी उघडी मोटार विटांवर उभी होती. युद्धाची सगळी वर्षं तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातली होती. चार महिन्यांच्या रविवारांत शांतवननी तिला पुन्हा माणसात आणलं. ज्या दिवशी तिने पहिली आरोळी ठोकली, त्या दिवशी आबासाहेब इतके खूश झाले की म्हणाले, "शांतवन, क्लबाची पहिली शर्यत ठरतेय. ही मोटार तूच चालव."

"मी पगारी ड्रायव्हर, साहेब. तुमचा क्लब हौशी लोकांचा. नियमातच हाय तसं."

नियम आबासाहेबांनीच लिहिला होता, त्यामुळे त्यातून वाट कुठून काढायची हेही त्यांनाच ठाऊक. त्यांनी काळा कोट नसतानाही तो सावरल्यासारखं केलं. "रविवारी सर्व्हिस बंद असते ना? टाकी साफ करतात ना? मालक रविवारचा पगार देतो का?"

"छे! रविवारचं तर पानी बी पाजत न्हाई."

"मग रविवारी तू हौशी. सोमवारी पुन्हा पगारी. इथे सही कर."

शांतवननी सही केली. शाई वाळायच्या आत आबासाहेब "तुम्ही" म्हणायला लागले. शांतवन मागे वळून पाहू लागले, कोण आलंय म्हणून.

शर्यत म्हणजे पळापळ नव्हती. तेवढं पेट्रोल होतं कुणाकडे? सभासदांनी रेशनची कुपनं जमवून कसंबसं भागवलं होतं. नगर ते मिरजगाव ताशी अठरा मैलांच्या चालीने जायचं. प्रत्येकाला शंभर गुण. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण वजा, लवकर पोचलं तरी मिनिटाला एक वजा. वाटेत एके ठिकाणी एक पंच घड्याळ घेऊन लपून बसणार. प्रत्येक मोटारीत ड्रायव्हरशेजारी वेळ सांभाळायला एक माणूस हवा.

"लवकर गेलं तर बी गुण कापायचे?" शांतवनना ते पटेना. "अठरा वर्षं उशिरा आलो म्हनून शिव्या खाल्ल्या. लवकर येन्याची बी शिक्षा असती व्हय?"

"नियम म्हणजे नियम," हन्ना म्हणाली. वेळ सांभाळायला तीच बसणार होती. शाळेच्या घंटेवर वीस वर्षं काढलेली बाई. तिच्या हातात घड्याळ म्हणजे तलाठ्याच्या हातात वही.

भिंगारच्या रस्त्यावर त्यांनी आठ मैलांचा सराव केला. मैलाचा दगड यायचा आणि हन्ना घड्याळ पाहून नुसती मान हलवायची. आठ दगड, आठ वेळा मान. शांतवनच्या पायाला अठरा मैल म्हणजे किती, हे मीटर न पाहता कळत होतं. क्लबात बातमी पसरली. सभासदांपैकी सुभेदार भिमाजींनी बक्षीस म्हणून एक कप दिला होता. तो पूर्वी पलटणीच्या फुटबॉलचा होता, नाव खरवडून काढलं होतं. हन्नाने घरी फळीवर पवित्र शास्त्राच्या शेजारची जागा पुसून ठेवली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नऊ वाजता शांतवनची मोटार सुटली. मागे टाकी नाही, उतारू नाहीत, गाठोडी नाहीत. तीन मैल गेल्यावर शांतवनच्या ध्यानात आलं की आपली पाठ टेकलेली आहे. त्यांनी ती जराशी हलवून खात्री करून घेतली. होती, टेकलेलीच होती.

साकतजवळ पहिला हात वर झाला. ओळखीचा पटका. शांतवनचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. त्यांनी तो परत खाली ठेवला. मोटार पुढे गेली. पटकेवाला तोंड उघडं ठेवून धुरळ्यात नाहीसा झाला.

"गेलो!" शांतवन म्हणाले. "हन्ना, गेलो की गं!"

"गेलो खरे, पण जरा हळू. दोन मिनिटं पुढे आहोत."

पुढे तिघे, पुढे एक म्हातारा, पुढे एक बाई काखेत पोर घेऊन. सर्व्हिस बंद असली म्हणून काय झालं? मोटारीत शांतवन ड्रायव्हर दिसतोय म्हणजे ती थांबणार, असा त्या रस्त्याचा अठरा वर्षांचा समज. प्रत्येक हातासरशी शांतवन पाय थोडा जास्तच दाबत होते. थांबायचं नाही, म्हणजे थांबावंसं वाटायच्या आत निघून जायचं.

रुईछत्तीशीला चिंचेआड लपलेले पंच दिसले. लपले बरे होते, पण त्यांची पांढरी टोपी बाहेर होती. "नऊ मिनिटं लवकर!" हन्ना कडाडली. "नऊ गुण गेले. ऐका माझं. त्या कडुलिंबाखाली नऊ मिनिटं उभे राहू. मग बरोबर वेळेवर जाऊ. अजून कप आपलाच आहे."

शांतवननी कडुलिंबाकडे पाहिलं. सावली चांगली होती.

"हन्ना, अठरा वर्षं उभा ऱ्हायलो. कुनी म्हनलं थांब, थांबलो. आज तू बी तेच म्हनतीस?"

हन्नाने तोंड उघडलं. तिसरीच्या वर्गाला गप्प करणारं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. ती टेकलेली होती. तिने वाक्य गिळलं आणि घड्याळ उपडं करून मांडीवर ठेवलं.

घोगरगावच्या पुढे बनुबाई उभी होती. हिच्यासाठी तर शांतवननी मोटार उलटीही आणलेली, तिची चप्पल राहिली म्हणून. डोक्यावर पाटी, पाटीत पितळी डबा, एक हात डब्याला आणि दुसरा सरळ आभाळात. ती हसत होती. मोटार तिच्या हसण्यासमोरून निघून गेली.

मागून आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. कळले नाहीत तेच बरं.

साडेदहाला पाच कमी असताना मोटार मिरजगावात शिरली. अठ्ठावीस मिनिटं लवकर. शेवटच्या ठिकाणचे पंच अजून शाळेतून टेबल आणत होते.

शांतवन पारावर बसले. अठ्ठावीस मिनिटं कुणीही त्यांना काहीही विचारलं नाही. हात मांडीवर होते, पण बोटं अजून चाक धरल्यासारखी वळलेली. त्यांना वाटलं होतं, न थांबता पोचलं की काहीतरी मोठं वाटेल. वाटलं ते एवढंच, की झोप आली आहे. आणि डोळे मिटले की एक पाटी दिसते आहे.

निकाल दुपारी लागला. सुभेदार भिमाजी पहिले. वाटेत एका गाडीवानावर ओरडायला थांबले म्हणून तीन मिनिटं उशीर, बाकी चोख. आबासाहेबांच्या दुसऱ्या मोटारीचं पाणी उकळलं, तिला बैलांनी ओढत आणलं, तरी ते तिसरे. शांतवन चौथे, म्हणजे शेवटचे.

"शांतवनराव, अहो बैल जोडलेली मोटार तुमच्या वर आली!" आबासाहेब मांडीवर थाप मारून हसले. "झालं काय?"

"काही न्हाई साहेब. पोचलो."

भाकरी-पिठलं झाल्यावर परतीला शर्यत नव्हती. ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. शांतवन निघाले आणि दोन मैलांवर समोरून बनुबाई चालत येताना दिसली. डोक्यावर तीच पाटी, पाय घोट्यापर्यंत पांढरे. मोटार पाहून तिने हात वर केला नाही. उलट तोंड फिरवलं.

शांतवननी मोटार थांबवली.

"बनुबाई."

"कोन हाय त्यो? मी वळखत न्हाई कुनाला."

"बनुबाई, ती शर्यत हुती. थांबायचं नव्हतं."

"शर्यत? तुज्या म्होरं बी कुनी न्हाई, मागं बी कुनी न्हाई, आन् शर्यत कुनासंगं लावली रे, मुडद्या?" बनुबाईने पाटी सावरली. "लेक बाळंत झाली मिरजगावात. डिंकाचं लाडू घिऊन सकाळपास्नं चालतीया मी. आन् हे दादा निघालं वाऱ्यावर!"

शांतवननी हन्नाकडे पाहिलं. नगर बत्तीस मैल पुढे होतं. मिरजगाव दोन मैल मागे. पेट्रोल नगरपुरतं, वर फार तर चार-पाच मैलांचं.

"लेकीला काय झालं?" हन्नाने विचारलं.

"मुलगी."

"मग बसा की वर. ऊन लागून लाडू पाझरतील."

शांतवननी मोटार वळवली. बनुबाई मागे बसली आणि पाटी ठेवायला जागा शोधू लागली. मागची बैठक उघडी, फळी घसरडी. शेवटी तिने ती पुढे सरकवली आणि शांतवनच्या पाठीमागच्या टेक्यावर टेकवली. शांतवन पुढे झुकले.

"टोचती का रं?"

"न्हाई, बरोबर हाय."

"आपली कोळशाची मोटार बरी बाबा," बनुबाई म्हणाली. "हिला छप्पर बी न्हाई. आन् हळू हाक, डब्याचं झाकान ढिलं हाय."

हन्नाने घड्याळ पिशवीत टाकलं. रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्याने हात वर केला, आणि शांतवनचा पाय ब्रेकवर गेला.