कोरं लुगडं

आमच्या घरात तंबाखूला उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. पाहुणा कितीही मानाचा असो, त्यानं चंची ओट्यावर काढून ठेवायची आणि हात धुऊन आत यायचं. माझे एक मामा या नियमाला वैतागून आमच्याकडे यायचेच बंद झाले, आणि त्यावरून आईनं दादांना जन्मभर ऐकवलं. दादा म्हणजे माझे वडील. नगरमधल्या आमच्या गल्लीत घरटी एक माग होता. आमचाही एकच, पण दादांच्या हातचं लुगडं दुकानात वेगळं काढून ठेवतात असं लोक म्हणत. लोक म्हणत म्हणजे दादाच म्हणत.

तंबाखूच्या बंदीचं कारण साधं होतं. लुगडं विकत घेताना बायका आधी काठ बघत, मग पोत चिमटीत धरून बघत आणि शेवटी घडी नाकाला लावत. विणण्याआधी सुताला गव्हाच्या पिठाची खळ पाजलेली असते. तिचा एक गोडसर, कोरडा वास असतो. तो आला की लुगडं कोरं, खात्रीचं. पण खळ मोठी चोरटी. घरात जे जळेल, जे शिजेल त्याचा वास ती गुपचूप उचलते. म्हणून आमची चूल मागच्या पडवीत होती आणि मागाच्या खोलीत उदबत्तीसुद्धा लागत नसे. देवाला आमच्याकडे नुसत्या फुलांवर भागवावं लागे.

त्या काळी गल्लीत बेकार हा शब्द कुणी शिवी म्हणूनही वापरत नव्हतं. बेकार राहायला जागाच नव्हती. उजाडताना रस्त्यावर सूत ताणून त्याला खळ लावायची तर चार घरची माणसं लागत. आई रहाटावर बसून आडव्या धाग्याच्या कांड्या भरायची. मी हाताशी आले तशी तुटलेले धागे सांधायला शिकले. दादा मागावर बसायचे. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला असतो, विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. दिवसभर ते कमरेपासून खाली जमिनीत असत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे वडील अर्धेच असतात.

मग लढाई लागली. ती कुठं चाललीय ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण ती आमचं सूत खातेय एवढं कळत होतं. आम्हाला सूत देऊन लुगडी विणून घेणारे एक शेठ होते. ते आधी म्हणाले, थोडं कमी मिळेल. मग म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. मग त्यांनी बघू म्हणायचंही सोडलं. सूत कंट्रोलमध्ये गेलं होतं, आणि कंट्रोलमधलं सूत आमच्या गल्लीपर्यंत येता येता वाटेतच कुठंतरी जिरायचं. एकेक करून माग थांबले. आवाज थांबल्यावर पहिल्यांदा आम्हाला कळलं की शेजारच्या घरात भांडणं होतात आणि ती सगळी ऐकू येतात.

पुरुष ओट्यांवर बसू लागले. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो, पण तो चुकीचा होता हेही कळतं. त्यांना दुसरं काय येत होतं? शेजारचं एक कुटुंब उसाच्या कामाला राहुरीकडं गेलं आणि हंगाम संपायच्या आत परत आलं. त्या घरच्या बाईनं आपले कापलेले तळवे आम्हाला दाखवले आणि दादांनी तोंड फिरवलं.

भिंगारच्या बाजूला लष्कराच्या गोदामात माणसं घेतात अशी बातमी आली, तेव्हा दादाही गेले. फाटकापाशी ही गर्दी. पारनेरकडची, पाथर्डीकडची, शेतं वाळलेली माणसं आदल्या दिवशीच येऊन झाडाखाली मुक्काम करून असायची. मुकादम एकेकाचा तळहात दाबून बघायचा. दगड फोडलेला, नांगर धरलेला हात लगेच आत. दादांचा हात त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि हसला.

"कुठं कारकून हुतास का रं?"

"विनकर हाय."

"मंग घरी जाऊन विन की. हितं पेट्या उचलायच्यात."

हे दादांनीच घरी येऊन सांगितलं. सांगताना हसले, पण जेवले नाहीत. त्यांचे पाय बघितले असते तर मुकादमानं त्यांना उचलूनच आत नेलं असतं, असं आई म्हणाली. खड्ड्यात पावड्या दाबून दादांच्या पोटऱ्या लोखंडासारख्या झाल्या होत्या. पण पाय कुणी बघत नव्हतं. पुढं खूप फेऱ्यांनंतर त्यांना फाटके तंबू शिवायचं काम लागलं. लढाई संपली आणि तंबूही संपले. गावात लोक आनंदानं पेढे वाटत होते आणि आमच्या गल्लीतले पुरुष पुन्हा ओट्यावर येऊन बसले.

या सगळ्या काळात घर चाललं ते विड्यांवर. गावात विड्यांचे कारखाने हळूहळू वाढत होते आणि त्यांना बायका हव्या होत्या, पोरी तर अजूनच हव्या होत्या. बारीक बोटं, कमी बोलणं. कमी बोलण्याच्या बाबतीत माझ्याकडून त्यांची फसगत झाली. आईनं दादांना विचारलं नाही, सांगितलं. दादा म्हणाले, "जा. पर घरात आनायचं न्हाई." आई म्हणाली, "न्हाई आनत." मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन.

कारखान्यात आम्ही मांडीवर सूप घेऊन रांगेत बसायचो. सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात टेंभुर्णीची कापलेली पानं. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्यानं बांधायचं. संध्याकाळी विडी तपासणारा येऊन अर्ध्याअधिक विड्या बाजूला काढायचा आणि त्या काढलेल्या कुठं जातात ते विचारायचं नसे. घरी परतताना नळावर आई माझी बोटं राखेनं घासायची, मग चिंचेनं, मग पुन्हा राखेनं. लुगडं ओट्यावरच झटकायची. हे सगळं एका बंद पडलेल्या मागासाठी. गल्लीतल्या बायका हसायच्या. मीही मनातून हसायचे.

मग कारखान्यानं पानं घरी न्यायला सांगितलं, जागा पुरत नाही म्हणून. आम्ही विड्या वळायला शेजारणीच्या ओट्यावर बसू लागलो. उन्हाळा आला. पानं वाळून तडकू लागली, आणि तडकलेल्या पानाची विडी तपासणारा घेत नाही. पानं गार जागेत हवीत. आमच्या घरात सगळ्यात गार जागा एकच, मागाचा खड्डा. एका दुपारी आईनं ओल्या गोणपाटात गुंडाळून पानं तिथं ठेवली. दादांनी ती बघितली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते खाली बसले, गोणपाट नीट चारी बाजूंनी दाबून घेतलं आणि बाहेर निघून गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटायची बंद झाली, आणि ते मला आवडलं नाही.

त्यानंतर तंबाखूही आत आला. उंबऱ्याचा नियम कधी मोडला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी सूत कंट्रोलमधून सुटलं अशी बातमी आली. शेठनी दादांना बोलावून घेतलं. इतक्या वर्षांत हात राहिलाय की गेलाय ते कळावं म्हणून आधी एकच लुगडं विणून दाखव, पसंत पडलं तर पुढचं सूत देतो, असं म्हणाले. दादा घरी आले ते जवळजवळ धावतच. तसे मी त्यांना आधी कधी बघितले नव्हते. सुताची लड त्यांनी तान्ह्या बाळासारखी धरली होती.

आई मात्र लगेच हसली नाही. ती म्हणाली, "अवो, माग चालू करायचा म्हंजी विडी बंद करावी लागंल."

"मंग बंद कर."

"कारखान्यातली जागा जाईल. दिवानजी म्हनतो, एकदा पानं न्यायची बंद केली की नाव दुसरीला."

"जाऊ दे. आता काय करायचीय जागा?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, कारण मला विड्यांचा वीट आला होता. कारखान्यात पानं वाटणाऱ्या दिवाणजीकडे जाऊन ती सूप आणि कात्री परत करून आली. येताना तिचा चेहरा उतरला होता. पण घरात पाऊल टाकल्यावर तिनं कंबर कसली. खड्डा खरवडला, शेणानं सारवला, भिंतींना चुना दिला. कपडे खारात उकळून काढले. चार दिवस दारं-खिडक्या उघड्या टाकून आम्ही थंडीत कुडकुडत झोपलो. मग खळ शिजली, सूत ताणलं, गल्लीतली माणसं न बोलावता खळ लावायचे ब्रश घेऊन आली. आईनं आणि मी कांड्या भरल्या, धागे सांधले. दादा खड्ड्यात उतरले आणि माग बोलू लागला.

हिरवं लुगडं, लाल काठ. दादांचा हात राहिला होता. मला सुताचं कळतं म्हणून सांगते, त्या काठात एक धागा उणा-अधिक नव्हता. संध्याकाळी ते मागावरून उठले की आई त्यांच्या पाठीला तेल लावायची आणि दोघं काहीतरी हळू बोलत. मी झोपेचं सोंग घेऊन ऐकायचे. दुसरा माग बसवायची गोष्ट चालायची, माझ्या लग्नाची चालायची. त्या दिवसांत आमच्या घरात आशा होती, आणि ती मला अजून दिसते म्हणून मी आशेच्या गोष्टी फारशा ऐकून घेत नाही.

शेठकडे दादा मला बरोबर घेऊन गेले. शेठनी गादीवर लुगडं उलगडलं. काठ बघितला, पोत बघितला, खुश झाले. मग सवयीनं घडी नाकाला लावली. पुन्हा लावली. त्यांनी शेजारी बसलेल्या मुनिमाला ते हुंगायला दिलं. मुनिमानं मान खाली घातली.

"बाबा," शेठ म्हणाले, "तंबाखूचा वास येतो याला."

दादा म्हणाले, "शेठ, घरात तंबाखू न्हाई. पंधरा दिस झालं, चिमूटभर न्हाई."

"असेल. पण वास आहे. माझ्या दुकानात लग्नाची गिऱ्हाइकं येतात, त्यांना काय सांगू? धुऊन आणलंस तर कोरं राहणार नाही." थोडं थांबून त्यांनी लुगड्याची परत घडी केली. "सुताचे पैसे राहू देत. हे तुलाच ठेव."

वाईट माणूस नव्हता तो. मला वाईट म्हणायला कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं. वाटेत दादा एकदाच थांबले, माझा हात हातात घेतला आणि बोटं नाकाजवळ नेली. मग हात सोडून दिला. कांड्या आम्ही भरल्या होत्या, मी आणि आईनं. इतक्या वर्षांचा तंबाखू आमच्या बोटांच्या कातडीत जिरला होता, तो राखेनं आणि चिंचेनं निघणारा नव्हता. घर ज्या हातांनी जगलं त्याच हातांनी सूत भरलं.

घरी आल्यावर त्यांनी लुगडं आईपुढे ठेवलं. "नेस," म्हणाले. आईनं लग्नानंतर कोरं लुगडं नेसलेलं मला आठवत नाही. विणकराची बायको ती, तिच्या अंगावर दंड घातलेली, दोन जुन्यांचं एक केलेली लुगडीच असत. ती नको म्हणाली. दादा ऐकेनात, हटूनच बसले. सकाळी आई ते हिरवं लुगडं नेसली आणि आम्ही दोघी कारखान्यात गेलो, जागा परत मागायला. घरात पीठ संपलं होतं.

दाराशी रांग होती. बऱ्याच बाहेरगावच्या, पोरं कडेवर घेतलेल्या, फाटक्या लुगड्यांच्या बायका. दिवाणजी एकेकीला बघत पुढं आला. आईपाशी थांबला, तिच्या पदरापासून पायापर्यंत नजर फिरवली.

"बाई, तुमाला कशाला काम पायजे? तुमचं बरं चाललेलं दिसतंय. ह्यांचं बघा जरा, दोन दिस उपाशी हायेत."

आई सांगायला गेली की हे घरचंच हाय, विकलं गेलं न्हाई म्हणून. पण तोवर तो पुढं सरकला होता. आमची जागा मागच्या एका बाईला मिळाली. तिच्या अंगावरच्या चिंध्यांपुढे आई काय बोलणार होती?

दुसऱ्या दिवशी आई जुनं, दंड घातलेलं लुगडं नेसून पुन्हा रांगेत उभी राहिली आणि दुपारपर्यंत तिला सूप आणि पानं मिळाली. संध्याकाळी दोघी घरी आलो. दादा ओट्यावर बसले होते. काल काम का मिळालं नव्हतं ते आईनं त्यांना सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. लुगडं बघून दिवाणजीला आम्ही सुखवस्तू वाटलो, म्हणाली, आणि हसायला लागली. मला वाटलं दादाही हसतील.

"म्हंजी त्याला कोरं वाटलं," ते म्हणाले. "लुगडं चांगलंच झालं हुतं."

मग त्यांनी आईच्या हातातलं सूप घेतलं, मांडीवर ठेवलं आणि मला म्हणाले, "दाव कसं वळायचं ते."