खोट्या नवसाचे सोमवार

साताऱ्याच्या यष्टी स्टँडवर माझ्या नवऱ्यानं मला ओळखलं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, सांगलीला झालं होतं. चार महिने आईनं मला नुसतं चारलं. सकाळी अळिवाची खीर, दहा वाजता डिंकाचा लाडू, दुपारी तुपात भिजलेला भात, संध्याकाळी परत काहीतरी गोड. "आईनं खाल्लं तर लेकराला मिळतंय," हे तिचं पालुपद. दूध इतकं यायचं, की पोरगी पिताना गुदमरायची. निघायच्या आदल्या दिवशी कासारीण आली. बांगड्या भरताना तिनं माझा हात साबणानं चोळून चोळून लाल केला आणि शेवटी म्हणाली, "ताई, सव्वादोनचा नाद सोडा आता. अडीचच्या घाला." आई हसली, मीही हसले. तोवर मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोरीला खांद्यावर घेऊन गाडीतून उतरले. हे समोरच उभे होते. यांची नजर माझ्यावरून सरकली आणि माझ्या मागून उतरणाऱ्या एका किडकिडीत बाईवर जाऊन थांबली. बारशाला आले होते तेव्हा मी शेकाच्या अंधाऱ्या खोलीत पांघरुणात होते, त्यामुळे उजेडात मला असं पाहिलंच नव्हतं. मीच हाक मारली, "अहो!" तेव्हा दचकले. "अगं, तू होय! सांगली चांगलीच मानवली की!" असं म्हणून पोरीला घेतलं आणि हसत चालायला लागले. त्यांच्या मनात काही नसेल. पण माझ्या मनाला ते असं लागलं, की काय सांगू!

तेव्हा माझं वय एकवीस. लग्नातली एकही चोळी दंडात जाईना. आता बारीक व्हायचंच, असं मी त्याच दिवशी ठरवलं. पण व्हायचं कसं? घरात सासूबाई होत्या ना! त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मामंजी शेतीसाठी गावाकडे असायचे आणि आत्याबाई आमच्याजवळ, साताऱ्यात. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. त्या माझ्या ताटाशी बसून घास मोजायच्या. "एवढ्यानं काय हुतंय? पोरीला काय पाजशील?" मी बारीक व्हायला जेवण कमी करतेय असं त्यांना सांगितलं असतं, तर सगळी आळी गोळा केली असती त्यांनी. त्या काळी पोर अंगावर असताना बाईनं कमी खायचं, हे कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

मग मला अवदसा आठवली. पहिला श्रावणी सोमवार आला तेव्हा मी मान खाली घालून म्हणाले, "आत्याबाई, मी सांगलीत अडले होते ना, तेव्हा हरिपूरच्या महादेवाला बोलले होते. पोर सुखरूप येऊ दे, सोळा सोमवार करीन. आणि ते फिटेपर्यंत तूप, भात आणि गोड सोडीन."

सगळं खोटं. अडले होते हे खरं, पण त्या वेळी मला देव कुठला आठवतोय! आईला शिव्या घालत होते मी.

लेकुरवाळीनं उपास करू नये, हे आत्याबाईंच्या तोंडावर आलं होतं. मला दिसत होतं. पण नवस म्हटल्यावर तोंडच बंद. "बोललीस व्हय? मग फेडाया पायजे बाई. बोललेलं ठेवू न्हाई. पोरीच्या नावाचं हाय." पोरीच्या नावाचं, हे शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार?

झालं, सुरू झाले माझे सोमवार. दिवसभर कडकडीत उपास आणि दिवे लागल्यावर एक भाकरी. बाकीचे दिवसही कोरडेच. आईनं सोबत दिलेले डिंकाचे लाडू मी रोज दोन-दोन यांच्या डब्यात टाकायची. हे कचेरीत बसून ते खायचे आणि यांचंच पोट सुटायला लागलं. "अलीकडे डबा फार छान असतो बुवा," म्हणायचे. मला एकीकडे हसू यायचं आणि एकीकडे राग.

पाचव्या सोमवारी माझ्या बांगड्या मनगटावर खुळखुळायला लागल्या. मी दिवसातून दहा वेळा हात वर-खाली करून बघायची. काय तो आनंद! आत्याबाई एकदा म्हणाल्या, "हाताला काय झालंय गं?" मी म्हणाले, "मुंग्या येतात."

आणि त्याच आठवड्यात पोरगी चिडचिड करायला लागली. अंगावर घेतली की चार घोट प्यायची, सोडायची, परत तोंडात घ्यायची, परत सोडायची आणि टाहो फोडायची. पाजून खाली ठेवली तरी मूठ चोखत राहायची. आधी वाटलं दात येताहेत, मग वाटलं पोट दुखतंय, वावडिंग उगाळून दिलं. खरं कारण मला कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं. दोरीवर रोज बारा-पंधरा दुपटी वाळायची, ती सात-आठावर आली. दुपटी धुताना हात कमी दुखतात याचं सुख मानायचं, की पोरगी ओली का करत नाही म्हणून घाबरायचं! मी गुपचूप दाबून बघायची. थेंब यायचा, दोन थेंब यायचे. पूर्वी नुसत्या रडण्यानं चोळी भिजायची. छातीत धडधड सुरू झाली की दूध आणखीच कमी व्हायचं, आणि कमी झालं की धडधड आणखी वाढायची.

नवस मोडावा तर काय सांगून मोडू? आत्याबाईंच्या लेखी तो पोरीच्या जिवावरचा नवस. आणि खरं सांगून टाकायचं म्हटलं तर लाज. शिवाय आता माझ्याही मनात भलतंसलतं यायला लागलं होतं. देवाच्या नावानं खोटं बोललीस, घे आता! असं कुणीतरी कानाशी म्हणतंय असं वाटायचं. सातवा सोमवार मी तसाच केला, नुसत्या भीतीनं.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आम्हाला नगरपालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. नर्सबाईंनी पोरीला काट्यात ठेवलं, कागद बघितला आणि परत काट्याकडे बघितलं. "गेल्या महिन्यात होतं तेवढंच आहे. गुंजभरही वाढलेलं नाही. काय हो, जेवता का नाही?"

माझ्याआधी आत्याबाईच बोलल्या, "तिचं सोमवार हाईत. नवसाचं."

"मग महादेवाला सांगा पोरीला पाजायला," नर्सबाई फटकन म्हणाल्या. "आई उपाशी तर पोर उपाशी. वरचं दूध सोसत नाही हिला, गेल्या महिन्यात चमचाभर दिलंत तर जुलाब झाले होते, विसरलात का?"

घरी आलो. उंबऱ्यावर पाय धुता धुता आत्याबाई म्हणाल्या, "माझा दुसरा असाच गेला. लय दुष्काळ हुता. दूध आटलं. मी कोंडा खाऊन पाजायची, पर न्हाई पुरलं." एवढं बोलून त्या देवापुढं जाऊन बसल्या. पळीभर पाणी हातावर घेतलं आणि ताम्हणात सोडलं. मी दारात पोरीला घेऊन उभी.

"ऐकलंस का," त्या मागं न बघताच म्हणाल्या, "ऱ्हायलेलं नऊ सोमवार माझं. तुझं तूप माझं, भात माझा, गोड माझं. देवाला सांगितलंय. तू आता जेवायचं, आणि गप जेवायचं."

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सुटले बाई एकदाची, असंच वाटलं मला, आणि ते वाटलं म्हणून स्वतःची किळसही आली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला चारायला सुरुवात केली. शेपूची भाजी, लसूण घातलेली बाजरीची भाकरी, खसखशीची खीर. पोरीला घटकेघटकेला अंगावर लावायला लावायच्या. "येऊ दे न येऊ दे, वढू दे तिला." मी रडत पाजायची, त्या पाठीवर हात फिरवायच्या. आठ-दहा दिवस काहीच फरक नाही. मला वाटलं, गेलं ते गेलंच. मग एका दुपारी मी भाकऱ्या थापत होते, पोरगी पाळण्यात कुरकुरली आणि माझी चोळी ओली झाली. पिठाच्या हातानं तशीच धावले. पोरगी घटाघटा प्याली, हनुवटीवरून ओघळ आला. मी ओरडले, "आत्याबाई, आलं!" त्या अंगणातून म्हणाल्या, "मग बोंबलतीस कशाला? नजर लागंल."

तो त्यांचा दुसरा सोमवार होता. चौथ्या सोमवारी त्या नळावरून कळशी आणताना चक्कर येऊन पडल्या. कळशी गडगडत गेली. त्यांना धरून आत आणलं, भिंतीला टेकवून बसवलं. ओठ पांढरे पडले होते. मी गूळपाणी केलं, तर तोंड फिरवलं. "सोमवार हाय. गोड न्हाई."

तेव्हा माझा बांध फुटला. त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. नवस नव्हताच. मी देवाला काही बोलले नव्हते. यांनी मला स्टँडवर ओळखलं नाही, म्हणून मला बारीक व्हायचं होतं. "आता प्या हो हे. नवसच नाही तर उपास कसला?"

आत्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बारीक व्हाया?" त्या म्हणाल्या. "पोरीच्या नावानं? आगं, जनाची न्हाई तर मनाची तरी!" हात उगारला त्यांनी. मारला असता तर बरं झालं असतं. पण उगारलेला हात खाली आला आणि त्यांनी गूळपाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"आत्याबाई, नवस खोटा होता."

"तुजा हुता खोटा. त्याचं तू आन् देव बघा." त्यांना बोलताना धाप लागत होती. "मी हातावर पाणी घिऊन पोरीसाठी मागितलंय. ते काय खोटं न्हाई. पी ते पाणी. पोरीला पाजायचंय."

मी प्याले. ऐकायच्या नव्हत्याच त्या. उरलेले पाच सोमवार त्यांनी ओळीनं केले, आणि माझं बिंग यांच्याजवळ कधी फोडलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी मीच यांना स्टँडची गोष्ट सांगितली, तर म्हणाले, "छे! असं काही झालंच नाही."

सतराव्या सोमवारी उद्यापन झालं. आत्याबाईंनी गव्हाचा चुरमा केला होता, गूळ घालून. पोरगी माझ्या मांडीवर पीत होती. दवाखान्याच्या काट्यावर आता चांगली भरायला लागली होती. मला परत अडीचच्या बांगड्या अगदी गच्च होत होत्या. आत्याबाईंनी पहिला वाटा माझ्या ताटात घातला आणि वरून तूप वाढायला हात उचलला. त्यांच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून सुटल्या आणि खळ्ळकन कोपरापर्यंत गेल्या.

त्यांनी दुसऱ्या हातानं त्या खाली ओढल्या आणि म्हणाल्या, "बघतीस काय? खा."