पांढऱ्या सदऱ्यावरचं तेल

आज पिकअपच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल ओतताना तोच जळका वास आला आणि कंधारचे रहीमचाचा मिस्त्री आठवले.

त्या शुक्रवारी माझ्या बहिणीचं लग्न दुपारचं, रुखवत नायगावला न्यायचं होतं आणि स्टिअरिंग बॉक्स गळत होता. चाचांनी सील बदललं, हात धुऊन जुम्म्याच्या नमाजासाठी पांढरा सदरा घातला. मग गाडीखाली कोरा कागद अंथरून मला स्टिअरिंग दोन्हीकडं पुरं वळवायला लावलं.

कागदावर एक थेंब पडला. चाचांनी गाडी बंद करून किल्ली काढून घेतली.

"वरून तेल टाकतो न् जातो. किल्ली द्या!" मी ओरडलो.

"न्हाई. रस्त्यात स्टिअरिंग जड झालं तर?"

अजान झाली. चाचा तसेच गाडीखाली शिरले. मी घड्याळ बघत चरफडत राहिलो.

चाचांनी स्वतः स्टिअरिंग वळवून पाहिलं आणि नवा कागद कोरा राहिला, तेव्हा लोक नमाज पढून परतत होते. चाचांचा सदरा काळा झाला होता. मी किल्ली हिसकावली. साधं 'येतो' पण म्हटलं नाही.