चाकापुढचा दगड

गंगाखेडात ट्रॅक्टरचे सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, दुरुस्त करणारे चार-दोन जण असतील, पण धास्ती होती ती वैजीनाथच्या तोंडाची. एखादा ट्रॅक्टरवाला नुसतं म्हणाला, "मामा, किल्लीनं घेत न्हाई, पाना लावला की चालू होतंय," की संपलंच. "मग पान्याकडंच न्यायचं, माझ्याकडं कशाला आलास?" असं म्हणून तो पाठ फिरवायचा. खाली उभं राहून सेल्फच्या बोल्टांवर पाना टेकवायचा, ठिणगी पाडायची अन् ट्रॅक्टर चालू करायचा, ही खोड आपल्याकडं गावोगाव. ब्रेक ढिले म्हणून ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकून उभा करायचा, ही दुसरी. एका सकाळी या दोन्ही खोडी एकत्र आल्या आणि वैजीनाथचे दाजी, बन्सीधर, स्वतःच्याच ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखाली गेले.

त्याला चार वर्षं झाली. चुडाव्याला त्याची बहीण कमलबाई, तिच्या अंगणात तो ट्रॅक्टर लिंबाखाली तसाच उभा. विकायचं नाव काढलं की ती उठून आत जायची, चालू करायचं नाव काढलं तरी तेच. यंदा मात्र पोरगी अपेक्षा हटून बसली, नांगरट मीच करणार म्हणाली. शेवटी कमलबाईनं भावाला फोन केला. "ये. पान्याबिगर चालू झाला तरच पोरीला बसू देईन."

वैजीनाथ हत्यारांची पिशवी अन् एक नवा बेंडिक्स घेऊन सकाळच्या गाडीनं उतरला. शेजाऱ्याची बॅटरी लावली, सेल्फ सोडवला आणि ओट्यावर मांडला. वायरी जोडल्या तर मोटर छान फिरली. मग त्यानं पुढचं दातेरी चाक, म्हणजे बेंडिक्स, बोटांनी फिरवून पाहिलं. ते दोन्ही बाजूंनी भिरभिर फिरलं.

"हे बघ," तो अपेक्षाला म्हणाला. "ह्याच्यात क्लच असतो. एका बाजूला अडायला पायजे, तवाच मोटरचा जोर इंजिनाला जातोय. दुसऱ्या बाजूला सुटायला पायजे, न्हाईतर चालू झालेलं इंजिन उलटं सेल्फलाच फिरवून फिरवून त्याच्या चिंध्या करतंय. हा चार वर्षं पडून खराब झालाय, दोन्हीकडं सुटायलाय. नुसता सेल्फ ओरडंल, इंजिन जागचं हलणार न्हाई."

जुना बेंडिक्स काढून त्यानं नवा घातला, ग्रीस लावलं, सेल्फ जागेवर कसला आणि किल्ली फिरवली. काहीच नाही, साधा खटकासुद्धा नाही. वैजीनाथ वाकून क्लचच्या पायडलाखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. तिथलं बोटभर बटण तुटलेलं होतं. क्लच दाबल्याशिवाय ट्रॅक्टर चालू होऊ नये म्हणून कंपनीनं दिलेलं. ते तुटलं की किल्ली मुकी होते, आणि माणसं पाना उचलतात.

"दाजी ह्याच्यापायी पाना लावायचे, आक्का," तो म्हणाला. एवढ्याशा बटणासाठी माणूस गेला.

कमलबाई बटणाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बटणानं न्हाई. म्या दगड काढला व्हता."

चार वर्षांत ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. त्या सकाळी चाकापुढचा दगड मालकानं काढायला सांगितला, तिनं काढला, आणि ती चुलीकडं वळली तोच मागं ट्रॅक्टर हलला.

"दगडानं काय व्हणार व्हतं? ट्रॅक्टर गिअरमधी व्हता, आक्का."

"तू भाऊ हायस. तू असंच म्हणशील. दगड लावून दाखव."

वैजीनाथनं पंचवीस वर्षं सेल्फ हाताळले, पण गिअरमधल्या ट्रॅक्टरपुढं दगड ठेवून कुणी किल्ली फिरवलीय? दगडाला चाक अडलं तर बहीण उरलेला जन्म त्या दगडाखाली काढणार. नको म्हणावं, तर तिनं आपलं उत्तर स्वतःच काढलं असतं. घोडामैदान काही लांब नव्हतं.

दगड कमलबाईनंच निवडून आणला, त्या सकाळच्या दगडाएवढाच, दोन हातांनी उचलावा लागणारा. मागच्या चाकाला नीट टेकवला. वैजीनाथनं बटणाच्या दोन वायरी तात्पुरत्या पिळल्या, दोघींना पार ओट्यावर पाठवलं आणि सीटवर बसला. इंजिनानं पेट घेऊ नये म्हणून बंद करायचा दांडा ओढून ठेवला. पहिला गिअर टाकला. किल्ली फिरवली.

सेल्फ कण्हला. चाक दगडावर रेटलं आणि थांबलं. वैजीनाथनं डोळे मिटले, पण किल्ली सोडली नाही. त्या सकाळी तर इंजिनही चालू झालं होतं, आज ते बंदच होतं, जोर होता तो एकट्या सेल्फचा. ट्रॅक्टरनं मागून अंग उचललं, दगडावर चढला, आणि धप्पकन पलीकडं उतरून हातभर पुढं गेला.

त्यानं किल्ली सोडली. कमलबाई ओट्यावरून उतरली. चार वर्षांत ट्रॅक्टरला न लावलेला हात तिनं त्या मोठ्या टायरवर ठेवला, मग कपाळ टेकवलं.

"मालक," ती म्हणाली, "म्या न्हाई मारलं तुमाला."

आणि ती रडली. मयतीच्या दिवशीही रडली नव्हती, तशी रडली. अपेक्षा आईला धरून उभी राहिली. वैजीनाथनं उपरण्यानं तोंड पुसलं आणि तो खाली बसून पिळलेल्या वायरी सोडवायला लागला, कारण नवं बटण बसवल्याशिवाय तो पोरीला त्या सीटवर बसू देणार नव्हता.