धाकटीची तीन बोटं

निम्म्या चादरी पिळून दोरीवर गेल्या होत्या, निम्म्या अजून बादलीत फेसात बुडालेल्या होत्या, आणि तेवढ्यात थोरलीच्या बोटातली अंगठी सुळकन निसटून फेसात पडली.

"झालं! परवा पण पडली होती," दाराला टेकून चहा पीत उभी असलेली धाकटी म्हणाली. "ताई, आणखी बारीक झालात तर एक दिवस तुम्हीच त्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जाल."

"तू नाही जाणार, तुझी काळजी नाही," थोरली फेसात हात फिरवत म्हणाली.

या दोघी सख्ख्या जावा. थोरली घरातली मोठी सून म्हणून थोरली, पण आता होड्या लागतात तो अख्खा धक्का तिला त्याच नावाने हाक मारायचा. डॉक्टरांनी गेल्या वर्षी साखर बंद केली आणि सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं. थोरलीने देवाचं नाव घेऊन ते असं मनावर घेतलं की वर्षभरात ती पार निम्मी झाली. लोकांनी कौतुक केलं, आणि कौतुक कोणाला नको असतं? मग ती धाकटीच्या मागे लागली. कमी खा, माझ्याबरोबर चाल. धाकटी म्हणायची, "नको हो, मी शेजारून चालले की रस्ता अरुंद होतो."

अंगठी सापडली. थोरलीने ती पुसून साबणाच्या डबीत ठेवली आणि पुढच्या चादरीला हात घातला, तोच तिचा नवरा धापा टाकत आत आला.

"अगं, त्या आल्या! मत्स्य खात्याच्या बाई! आपल्या जाळ्यापासूनच सुरुवात करताहेत. चल लवकर!"

मासे अंडी घालतात तेवढे दिवस सरकार समुद्र बंद ठेवतं. ती बंदी उद्या पहाटे उठणार होती. बंदीच्या दिवसांत नवऱ्याला घर खायला उठायचं. त्याने होडी रंगवली, मग कपाट रंगवलं, मग खिडक्या. आणखी आठवडाभर बंदी असती तर त्याने दोघी जावांनाही रंगाचा एकेक हात मारला असता. पण यंदा नियम कडक झाला होता. जाळ्याचं भोक, ज्याला धक्क्यावर आस म्हणतात, एवढं मोठं हवं की लहान पिल्लं त्यातून सुटून जातील. तपासणी होऊन जाळ्याला सरकारी सील लागलं तरच होडी सुटणार, नाहीतर जाळं जप्त. आणि तपासणीचा आजचा दिवस शेवटचा.

थोरलीला मात्र जराही धास्ती नव्हती. घरचं जाळं दुरुस्त करायची ती. तिचं ठिगळ कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे शोधून दाखवा म्हणून ती पैज लावायची. ओले हात झग्याला पुसत ती निघाली, आणि गंमत बघायला मिळेल म्हणून धाकटी मागोमाग.

धक्क्यावरच्या शेडमध्ये जाळं पसरलेलं होतं. खात्याच्या बाई तरुण होत्या, डोक्यावर उन्हाची मोठी टोपी, हातात पत्र्याची एक चपटी पट्टी. पट्टी आसातून आरपार गेली की पास. त्यांनी एका आसात घातली, गेली. दुसऱ्यात गेली. नवऱ्याची छाती फुगली. तिसऱ्यात पट्टी अडकली.

बाईंनी शेजारच्या आसात घालून पाहिली. तिथेही अडकली.

"हे इथलं सगळं बारीक आहे. तिकडचं बरोबर आहे. इथे ठिगळ आहे का?"

नवऱ्याने थोरलीकडे पाहिलं. तिचं ठिगळ कोणाला ओळखू आलं नव्हतं आजवर, आणि ओळखलं ते या पत्र्याने!

"पिल्लं धरायला मुद्दाम बारीक विणलंय का?" बाईंचा आवाज कोरडा झाला.

"देवाशपथ नाही हो!" थोरली कळवळली. "लग्न होऊन आले तेव्हापासून एकाच मापाने विणतेय मी. माप कसं बदलेल?"

"कशाने मोजता?"

थोरलीने उजव्या हाताची तीन बोटं जुळवून पुढे केली. "यांनी. या बोटांभोवती दोरा घ्यायचा आणि गाठ मारायची. माझ्या आईनेही असंच केलं."

बाईंनी पट्टी तिच्या बोटांवर ठेवली. दोन्ही बाजूंनी पट्टी बाहेर डोकावत होती.

थोरलीला सकाळची अंगठी आठवली, साबणाच्या डबीत ठेवलेली, आणि तिने कपाळावर हात मारला.

"अहो बाई, मी बारीक झाले! डॉक्टरांनी साखर बंद केली ना माझी! बोटंही वाळली, आणि मी मेली त्याच बोटांनी विणत बसले!"

बाईंनी हसू दाबायला टोपी पुढे ओढली. पण धाकटीला कुठलं दाबता येणार? ती पोट धरून खालीच बसली. "पोटाला घाला म्हणत होते मी! आता ताईंनी डाएट केलं म्हणून जाळं जप्त होणार!"

"हसू नको! ऊठ!" थोरली ओरडली, आणि तिचा हात धरून ओढता ओढता एकदम थबकली. मग तिने धाकटीची तीन बोटं जुळवली आणि बाईंपुढे धरली. "हिची बघा."

बाईंनी पट्टी ठेवली. जणू सरकारने धाकटीचा हात बघूनच पट्टी कापून घेतली होती. ना इकडे बाहेर, ना तिकडे.

"सरकारी बोटं!" नवरा म्हणाला, आणि आता बाईंनाही आवरेना.

"मला बाकीची जाळी बघायचीत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी धक्क्यावरून जायच्या आत दुरुस्त झालं तर पुन्हा तपासते. नाही झालं तर मात्र जप्त करावं लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

मग जी धांदल उडाली! नवरा ब्लेड घेऊन ठिगळं उसवत पुढे, मागून थोरलीची सुई. विणायचं धाकटीला ओ की ठो कळत नव्हतं, तिने फक्त बोटं ताठ धरायची. थोरली त्यांच्याभोवती दोरा घेई, गाठ आवळी, बोटं पुढे सरकवी.

"मी काय खुंटी आहे का?"

"गप. बोललीस की बोटं हलतात."

"ताई, नाक खाजतंय."

"खाजू दे."

"खाजतंय हो! भाऊजींना सांगू का?"

"अजिबात नाही!" उसवता उसवता नवरा घाबरून ओरडला. शेवटी थोरलीने सुई दातात धरून जावेचं नाक खाजवलं, आणि त्यावर दोघींना असं हसू फुटलं की दोन गाठी वाया गेल्या. देवा, उद्या पहाटे होडी सुटू दे, थोरली मनातल्या मनात म्हणत होती, आणि हसताना मागितलेलं तुला चालत असेल तर एवढं ऐक.

ऊन कललं तशी धाकटी म्हणाली, "भूक लागली." एरवी थोरलीने व्याख्यान दिलं असतं. आज तिने शेजारच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा मागवला आणि स्वतःच्या हाताने तिला भरवू लागली. "खा बाई, खा. एक कणही वाळू नकोस."

"आणखी एक?"

"दोन खा!"

बाई परत आल्या तेव्हा शेवटची गाठ नुकतीच बसली होती. नवऱ्याने डोळे मिटले. पट्टी एका नव्या आसातून गेली, दुसऱ्यातून गेली, कोपऱ्यातल्या सगळ्यात अवघड जागेतूनही सुर्रकन पार झाली. बाईंनी पिशवीतून सील काढलं आणि जाळ्याच्या दोरीला आवळून बसवलं. नवरा धावत सुटला तो थेट होडीकडे, इंजिन बघायला.

"पण समजा," निघता निघता बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी याही बारीक झाल्या तर?"

"मी? छे!" पुड्यातलं शेवटचं बिस्कीट तोंडात टाकत धाकटी म्हणाली.

"हिचा काय भरवसा," थोरली म्हणाली. "उद्या हिलाही डॉक्टर भेटेल."

घरी बादलीत चादरी तशाच भिजत होत्या. त्या राहू देत म्हणून थोरलीने धाकटीचा हात घट्ट धरला आणि दुकान बंद व्हायच्या आत, तिच्या तीन बोटांच्या मापाची लाकडी पट्टी करून घ्यायला, ती सुताराकडे निघाली.