मोकळं करू

अकरावीला सायन्स घेतलं तेव्हाच घरच्यांनी मला डॉक्टर करून टाकलं होतं, परीक्षा तेवढी द्यायची बाकी होती. त्यामुळे बायोलॉजीच्या सरांनी पुढच्या प्रॅक्टिकलला एक जिवंत बेडूक लागेल असं सांगितलं, तेव्हा माझ्याआधी बाबाच कामाला लागले.

दिवस थंडीचे. नाल्यात बेडूक औषधालाही सापडत नव्हता. आमच्या मळ्यात मात्र एक होता. वरवट बकालच्या बाजारात न्यायची मेथी, पालक आम्ही ज्या हौदात धुवायचो, त्याच्याच ओल्या कपारीत तो राहायचा. पाला धुताना हात लागला तरी जागचा हलत नसे. आई त्याला मुकादम म्हणायची, कारण राबायचं आम्ही आणि बसून बघायचं त्यानं.

हा द्यायचा नाही, असं मी साफ सांगितलं. बाबा सरांना बाजारात भेटून आले आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाले, "सर म्हणे, तास-दीड तासाचं काम आहे. मंग मोकळं करू."

मोकळं करणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दिवस मावळताना बैलांच्या मानेवरचं जू काढून त्यांना मोकळं करतात. शिवाय लॅबच्या कपाटात बरण्यांमध्ये पांढरे पडलेले बेडूक होतेच. कापायला ते आणि जिवंत बघायला आमचा, असं मी धरून चालले. तसं बाबांना बोलूनही दाखवलं.

"कापाले बरणीतले आहेत ना, बाबा?"

"हाव," ते म्हणाले आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

मग मी जीव ओतून तयारी केली. ट्रेमध्ये मेण ओतायचं काम सरांनी मला दिलं होतं, ते एकही बुडबुडा येऊ न देता केलं. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, आत ओलं फडकं घातलं आणि सकाळच्या एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं डब्यात काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, "पाव्हना आहे. सांजेले वापस नेतो त्याले."

लॅबमध्ये सरांनी बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकला आणि मुकादमाला आत ठेवून झाकण लावलं. थोडा वेळ झोपवत असतील, असं मला वाटलं. मग तो माझ्याच मेणावर उताणा आला आणि त्याचे चारही पाय टाचण्यांनी टोचले गेले. हातात कात्री घेऊन सर शांतपणे म्हणाले, "आता आपण कातडी मोकळी करू. मग आतडं मोकळं करू. घाई करायची नाही."

उघड्या छातीत हृदय अजून उडत होतं. इतका धडधाकट बेडूक आणल्याबद्दल सरांनी वर्गासमोर माझं कौतुक केलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परतीच्या एसटीत मी त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. बाबांची तर कीव येत होती. साधा माणूस, मोठ्या विश्वासानं विचारायला गेला आणि फसला.

बाबा हौदावरच होते. रिकामा डबा मी त्यांच्यापुढे आपटला. "सरांनं तुमाले फसवलं, बाबा. त्यायचं मोकळं करणं म्हणजे कापणं असते."

ते मेथी धूत राहिले. "मले तवाच मालूम झालं होतं," ते म्हणाले. "सरांनं सारं इस्कटून सांगतलं होतं."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू नेला असता का?"

नसता नेला. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर ते बोलले नव्हते. शिळी जुडी ताजी म्हणून गिऱ्हाइकाच्या पिशवीत कधी न टाकणारा हा माणूस मला मात्र सरळ "हाव" म्हणाला होता.

सरांवरचा राग चार दिवसांत गेला. ते त्यांचं कामच होतं. बाबा मात्र अजूनही फोनवर म्हणतात, "इकडं समदं ठीक आहे, बाई." मी बरं म्हणते, फोन ठेवते आणि लगेच आईला लावते.